नंदीच्या टाकीचं झाकण

पेट्रोलचा वास आला की लोक नाकाला रुमाल लावतात. मी उलट एक श्वास जास्तीचा घेते. पंपावर रिक्षा थांबली की नातू मला चिडवतो, "आजी, अत्तराच्या दुकानात आलीस काय?" आता त्याला काय सांगू! त्या वासात माझे आप्पा आहेत, गफूरचाचा आहे, सतरा वर्षांची माझी ताई आहे आणि चारठाण्याहून सेलूला जाणारा तो धुळीचा रस्ता आहे. एवढं सगळं कुठल्या अत्तरात मिळतं?

परवा माहेरी गेले होते, चारठाण्याला. आता तिथं माझा भाचा शिवा राहतो, धाकट्या भावाचा मुलगा. घर सगळं नवं, सिमेंटचं, फरशा इतक्या गुळगुळीत की मला भिंत धरून चालावं लागतं. शिवा अंगणात फवारणीचा पंप खोलून बसला होता. पाठीवर घ्यायचा, पेट्रोलवर चालणारा. सुरू व्हायचा, दोन सऱ्या नीट चालायचा आणि मध्येच गप्प. शिवा त्याला मनसोक्त शिव्या घालत होता. मला बघितलं आणि जीभ चावली त्यानं.

"आत्या, न्हाणीपाशी रॉकेलचा जुना डबा हाय बगा. द्या की जरा. प्लग धुवायचाय."

डबा सापडला. तळाशी थोडं रॉकेल होतं, कुठल्या जमान्यातलं कुणास ठाऊक. पण त्याच्या तोंडावर जे झाकण होतं, ते त्या डब्याचं नव्हतंच. तळहाताएवढं, जड, वरची चकाकी उडून आतलं पितळ दिसायला लागलेलं, कडेला बोटांची पकड बसावी म्हणून खाचा. मी ते उचललं आणि तिथंच न्हाणीच्या उंबऱ्यावर बसले. अगं बाई! हे इथं आहे अजून?

ते नंदीचं झाकण होतं.

नंदी म्हणजे आमची मोटार. पोलीस ॲक्शननंतर एका जागीरदाराचं बिऱ्हाड हललं तेव्हा आप्पांनी ती घेतली होती. आप्पांचा कापसाचा व्यापार, सेलूच्या जिनिंगला सतत जाणं-येणं. लोक म्हणाले, चांगली खिल्लारी जोडी घ्या. आप्पांनी मोटार घेतली. काळी, उंच, पायऱ्या असलेली, समोर डोळ्यांसारखे दोन दिवे. आमचं घर महादेवाचं, गळ्यात लिंग बांधणारं. दारात येऊन बसलेल्या त्या काळ्या जनावराला आप्पांनी नंदी म्हटलं आणि तेच नाव गावानं उचललं. प्रवासाला निघताना आप्पा त्याच्या बॉनेटवर कोरडी विभूती फासायचे, हात जोडायचे आणि मगच आत बसायचे. पहिल्या वळणापर्यंत ती विभूती वाऱ्यानं उडून जायची.

आलेल्या-गेलेल्याला आप्पा इंजिन उघडून दाखवायचे. पाहुण्यानं चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्याला अंगणात नेलेलं असायचं. "चार सिलिंडर. चार पिष्टन. चार प्लग. सहा व्होल्टची बॅटरी. दहा घोड्यांची ताकद."

एकदा आमचा एक वाटेकरी हे सगळं नीट ऐकून म्हणाला, "दहा घोडे! मग वैरण काय घालता?"

"पेट्रोल."

"आन लीद?"

आप्पांनी गंभीरपणे मागचा धुराचा नळ दाखवला. वाटेकऱ्यानं वाकून बघितलं आणि मान डोलावली.

गाडी चालवायला गफूरचाचा होता. जागीरदाराकडं तोच होता, मोटारीबरोबर तोही आमच्याकडं आला. किडकिडीत, पान खाऊन ओठ लाल, डोक्यावर टोपी. तो म्हणायचा, "बेटा, इंजनाला तीनच चीजा लागतेत. पेट्रोल, ठिणगी आन हवा. तिन्ही भेटल्या तर राजा, एक बी नसली तर भंगार." त्याचं हे बोलणं मला पाठ होतं. पण हवा तर सगळीकडंच असते, ती काय लागायची, असं मला वाटायचं.

मोसमागणिक नंदीचे आजार वेगळे. थंडीत तो उठायचाच नाही. अव्वा, म्हणजे आमची आई, चुलीवर हंडाभर पाणी तापवायची, ते रेडिएटरमध्ये ओतायचं, मग गफूरचाचा चोक ओढून समोरून हँडल मारायचा. खर्र, खर्र, आणि मग एकदम तो भडभडा आवाज. निळा धूर, वाफ, आणि पहाटेच्या गारठ्यात तो वास. हँडल उलटं फिरून मनगट मोडायचं म्हणून अंगठा कधी वळवून धरायचा नाही, हे आम्हा पोरांनाही माहीत होतं. उन्हाळ्यात दुखणं उलटं. इंजिन इतकं तापायचं की पेट्रोलची पंपातच वाफ व्हायची आणि गाडी मधोमध थांबायची. मग पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं आणि झाडाखाली बसून राहायचं. पावसाळ्यात तर नंदी मुक्कामालाच. काळ्या रानातला चिखल चाकांना पोळीसारखा चिकटायचा. तरी गफूरचाचा मधूनमधून इंजिन फिरवून बघायचा. ओल धरली की करंट वाटायची काळी टोपी काढून अव्वाकडं आणून द्यायचा, आणि अव्वा ती चुलीच्या वैलावर, भाकरी शेकावी तशी उलटीपालटी करून वाळवायची. वर म्हणायची, "माज्या चुलीवर काय काय शिजायचं राहिलंय आजून!"

अव्वाला मोटारीचं कौतुक नव्हतं असं मात्र नाही. दसऱ्याला ती नंदीला ओवाळायची. एकदा तिनं गफूरचाचाला विचारलं होतं, "ह्याचं तोंड कुटं हाय म्हनावं?" गफूरचाचानं मागच्या बाजूचं हे झाकण दाखवलं होतं. "इथून पितो की अव्वा. हेच तोंड त्याचं." अव्वा किती हसली होती! ज्याचं तोंड पाठीमागं, असा नंदी तिनं कधी पाहिला नव्हता.

मोटारीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. इंजिनाची मापं, कुठला पार्ट कुठं, काय बिघडलं तर काय करायचं, असं सगळं. शेवटची पानं वाळवीनं खाल्लेली. आप्पांना उर्दू यायचं, मोडी यायची, इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. गफूरचाचाला कुठलंच अक्षर नको होतं. आमच्या घरात ते पुस्तक वाचू शकणारं एकच माणूस होतं, माझी ताई. ती सेलूला मावशीकडं राहून शिकली होती. सुट्टीत आली की आप्पा तिला बाजेवर समोर बसवायचे आणि ती वाचून मराठीत सांगायची. इंजिन चालू होत नाही, कारणं अशी. इंजिन चालू होऊन बंद पडतं, कारणं अशी. प्लगवर काजळी धरते. कारबुरेटरमध्ये कचरा अडकतो. आप्पा डोळे मिटून कीर्तन ऐकावं तसं ऐकायचे. आणि मला वाटतं, त्या बाजेवरच कधीतरी आप्पांनी ठरवलं असणार की ही पोरगी पुढं शिकली पाहिजे.

ताईनं मॅट्रिक केलं. तेव्हा नुकताच आमचा मुलूख हैदराबादेकडून मुंबईकडं गेला होता, गावोगाव मराठी शाळा निघत होत्या, मास्तरणी हव्या होत्या. औरंगाबादला मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी ताईची निवड झाली. ठरलेल्या दिवशी सकाळी तिथं हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला.

पण अव्वानं शब्द देऊन ठेवला होता. मामाला. ताई लहान असतानाच, ही तुझ्या घरात देईन म्हणून. मामाचा मुलगा वाईट नव्हता, शेतीवाडी होती, आमच्यात अशी सोयरीक चालते. अव्वाला एकच भाऊ, आणि त्याच्यावर तिचा जीव. औरंगाबादचं ऐकून मामा आमच्याकडं येऊन बसला. आला तो हललाच नाही. ओसरीवर त्याची पथारी, ओसरीवर त्याचं पान.

"दाजी, पोरगी मास्तरीण झाली की आमच्या घरात कशाला नांदायलीय?" मामा म्हणायचा.

आप्पा चिडायचे नाहीत. पण एक दिवस ते म्हणाले, "असं बगा. गाडी धरून ती तितं पोचली तर शिकंल. न्हाई पोचली तर महादेवाची इच्छा. दिवाळीनंतर तुमच्या घरी अक्षता टाकू. झालं?"

आप्पांनी असं का म्हणावं? ताई दोन दिवस जेवली नाही. मी लहान होते, पण मलाही कळलं की सेलूची रेल्वे गाठायची तर आता सगळं त्या नंदीवर आहे.

अव्वाचं मात्र ना हो, ना नाही.

आमच्या घरी एक रीत होती. घरातलं कुणी लांब निघालं की अव्वा विभूतीचा खडा दुधात कालवायची आणि तीन बोटांनी कपाळावर ओला पट्टा ओढायची. रोजची विभूती कोरडी, ती आप्पाही लावायचे. ओली मात्र फक्त अव्वाची, आणि फक्त जाणाऱ्यासाठी. ती वाळली की कपाळाची कातडी ओढल्यासारखी व्हायची. कपाळाला आठी घालावी तर घालता यायची नाही. वेस ओलांडली, शेतं मागं पडली, तरी ते ओढणं कपाळावर असायचं. ते असेपर्यंत आपण घरचेच आहोत असं वाटायचं मला.

हजर व्हायला एक दिवस असताना उजाडता उजाडता आम्ही निघालो. रोहिण्या कोरड्या गेल्या होत्या, सकाळीच झळा लागत होत्या. आदल्या दिवशी आप्पांनी नंदीची टाकी अगदी गळ्यापर्यंत भरून घेतली होती. नंदीचे दिवे ओसरीकडं, पाठ गोठ्याकडं. ओसरीवर मामा बसलेला, मांडी घालून, कुठं काय चाललंय ते बघत. आप्पांनी बॉनेटला विभूती फासली. ताईची ट्रंक मागं बांधली. मी रेल्वे बघायचीच म्हणून रडून-ओरडून जागा मिळवली होती. माझ्या मांडीवर पाण्याची घागर.

ताई अव्वाच्या पाया पडायला आत गेली. अव्वा चुलीपाशी होती. ताई वाकली, अव्वानं पाठीवर हातसुद्धा ठेवला नाही. दुधावर नजर ठेवून म्हणाली, "जा. उशीर व्हायलाय." ताई तशीच उभी राहिली. कपाळ पुढं करून. मी दारातून बघत होते. बाहेर मामा खाकरला. अव्वानं दुधाचं भांडं उचललं आणि ती देवघरात गेली. दार लावून घेतलं.

ताई गाडीत येऊन बसली. रडली नाही. नुसती समोर बघत राहिली. तिचं ते मोकळं, कोरडं कपाळ मला आजही दिसतं.

गाव मागं पडलं, देवळांची शिखरं झाडांआड गेली. नंदी मजेत चालला होता. गफूरचाचा गुणगुणत होता. आणि मग एका माळावर इंजिन खोकलं. एकदा, दोनदा. गचके देत देत गाडी थांबली. एकदम सगळं शांत. नुसती एक टिटवी ओरडत होती.

"पेट्रोल बगा आदी," आप्पा म्हणाले.

नंदीचा पेट्रोलचा काटा कधीच मेला होता. गफूरचाचा मागं जाऊन टाकीत बांबूची काडी बुडवायचा, ओली कुठपर्यंत झाली त्यावरून ठरवायचा. झाकण धरायला मी त्याच्याबरोबर उतरले. त्यानं ते अगदी कडेकडेनं धरून फिरवलं. उघडताना सूं असा आवाज झाला.

"हे धर बेटा. मधी बोट लावू नको. देवाचं हाय, पुसंल."

झाकणावर पांढरे पट्टे होते. आप्पांनीच फासले असणार, मला वाटलं. मी दोन्ही हातांनी कडेला धरून उभी राहिले. गफूरचाचाचं बोट चुकून लागलंच असेल, त्यानं ते पँटला पुसलं नाही, डोळ्यांना लावलं.

टाकी भरलेली होती. "गर्मीनं पंपात वाफ झाली आप्पासाब," गफूरचाचा म्हणाला. माझ्या घागरीतलं पाणी घेऊन त्यानं पंपावर ओलं फडकं गुंडाळलं. आप्पा म्हणाले, कारबुरेटरमध्ये कचरा आहे, आणि त्यांनी त्यातलं जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक नळी, काढून फुंकरलं. ताई आत बसून त्या पुस्तकातलं पाठ झालेलं म्हणत होती, "इंजिन चालू होऊन बंद पडतं, कारणं अशी..." झाकण लावलं, हँडल मारलं, नंदी भडभडला. सगळे खूश. ज्याला त्याला वाटलं, आपल्यामुळंच.

पुढं काही मैल गेलो आणि पुन्हा तेच. खोकला, गचके, शांतता. पुन्हा काडी, पुन्हा सूं, पुन्हा फडकं, पुन्हा फुंकर. पुन्हा चालू. ऊन चढत होतं. आप्पांनी खिशातलं घड्याळ काढलं, बघितलं, परत ठेवलं आणि ताईकडं बघायचं टाळलं.

तिसऱ्यांदा गाडी थांबली ती एका ओढ्याच्या उतारावर. पलीकडं एक धनगरवाडा उतरला होता, मेंढ्या चरत होत्या. ताई खाली उतरली. गाडीला टेकून उभी राहिली आणि एकदम म्हणाली, "आप्पा, अव्वाचं मन न्हाई. मनून व्हायलंय हे."

"काहीतरीच काय बोलायलीस!"

"मग तिनं कपाळाला का लावलं न्हाई?" तेव्हा रडली ती. इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. "मी निगालेच न्हाई घरातून असं वाटायलंय मला. कोरड्या कपाळानं कोन जातंय का?"

गफूरचाचानं टोपी काढून घाम पुसला. झाकण त्यानं माझ्या हातात न देता मागच्या मडगार्डवर ठेवलं होतं, कारण मी ताईला बिलगले होते. त्यानं घाईघाईनं काडी काढली, फडकं भिजवलं आणि ओरडला, "बसा बसा, टाइम न्हाई!" हँडल एका झटक्यात लागलं. आम्ही ओढा चढून वर आलो आणि बरंच पुढं गेल्यावर मला मागून उग्र वास यायला लागला. पेट्रोल डुचमळून बाहेर सांडत होतं.

"अल्ला! झाकन राहिलं!"

परत जाऊन शोधायला वेळ नव्हता. ताईनं ट्रंकेतून नवं लुगडं काढलं, दातांनी किनार फाडली आणि घडी करून गफूरचाचाच्या हातात दिली. "कोंबा हे." नंदीच्या तोंडात बोळा कोंबला आणि आम्ही निघालो.

आणि काय सांगू! नंदी थांबलाच नाही. पंपावरचं फडकं वाळून खडखडीत झालं, आप्पांना जेट फुंकायची संधीच मिळाली नाही. सेलूची जिनिंगची चिमणी दिसली, सिग्नल पडलेला दिसला, इंजिनाची शिट्टी ऐकू आली. गफूरचाचानं गाडी थेट फलाटाच्या तारेपर्यंत नेली. ताई ट्रंक घेऊन धावली, आप्पा धोतर सावरत मागं. गाडी हलता हलता ती आत चढली. दारातून तिनं आमच्याकडं हात केला आणि धुरात दिसेनाशी झाली. रेल्वे बघायची राहूनच गेली माझी. मी नुसती तिला बघत होते.

परत आल्यावर आप्पा ही गोष्ट प्रत्येकाला सांगायचे. त्यात जेटचा कचरा मुख्य असायचा. गफूरचाचाच्या गोष्टीत ओलं फडकं. अव्वा दोघांच्याही गोष्टी ऐकायची आणि भाकरी थापायची. मामा त्याच दिवशी उठून गेला होता. पुढं कितीतरी वर्षं पंचमीला अव्वाला माहेरचं बोलावणं आलं नाही. नागपंचमी जवळ आली की ती वेशीकडच्या रस्त्याकडं बघायची, हे मी पाहिलंय.

झाकण महिन्याभरानं एका धनगरणीनं आणून दिलं. ओढ्यात सापडलं, तिचं पोर त्याच्याशी खेळत होतं. असलं झाकण आमच्याच मोटारीचं असणार हे तिला माहीत होतं. पण तोवर गफूरचाचानं लाकडाचा बूच तासून त्याला चिंधी गुंडाळली होती आणि नंदी तक्रार न करता चालत होता. "राहू द्या ते," तो म्हणाला, "चिंधीच बरी." मग अव्वानं झाकण घेतलं. त्याला पेट्रोलचा वास, म्हणून रॉकेलच्या डब्यावर बसवलं.

ताई मास्तरीण झाली. मोठी बाई झाली, शाळेची मुख्य. सुट्टीला यायची, जायची, आणि जाताना अव्वा तिला दुधातली विभूती लावायची, पट्टा चांगला ठळक. ताई मुकाट्यानं लावून घ्यायची. पण अव्वा गेली त्या दिवशी आम्ही दोघी परसात बसलो होतो, तेव्हा ती म्हणाली, "नंतर लावली गं तिनं. पन पयल्यांदा निगाले तवा न्हाई. तेवढं सलतंय मला." एवढी शहाणी बाई. म्हातारी व्हायला आली तरी ते कोरडं कपाळ तिच्याबरोबर होतं.

तर हे झाकण हातात घेऊन मी न्हाणीच्या उंबऱ्यावर बसले होते. बाहेर शिवाचा पंप पुन्हा सुरू होऊन पुन्हा बंद पडला. मी डबा घेऊन अंगणात गेले. शिवानं पंपाच्या टाकीचं झाकण फिरवलं. सूं!

तोच, माळावरचा आवाज! "हा आवाज कसला रे?"

"काय न्हाई आत्या, सापडलं दुखनं. ह्या झाकनाला बारीक भोक असतंय. पेट्रोल जसजसं कमी होतंय तसतशी तिथून हवा आत जाती. ते भोक चिखलानं बुजलंय. हवा गेली न्हाई की पेट्रोल खाली उतरत न्हाई. झाकन उगडलं की हवा जाती, चालू. लावलं की थोड्या टायमानं पुन्ना बंद." त्यानं बायकोकडून पिन मागितली, भोक टोकरलं, फुंकर मारली.

मी हातातलं झाकण उजेडात धरलं. मधोमध, जिथं गफूरचाचा बोट लावू देत नव्हता तिथं, बारीकसं भोक होतं. आहे असं नुसतं वाटावं, इतकं बुजलेलं. वर काळी मळी. मी शिवाची पिन घेतली आणि टोकानं ती काळी मळी जराशी खरवडली.

आत पांढरं होतं. घट्ट, चुन्यासारखं वाळलेलं.

आप्पांची विभूती कोरडी असायची, पहिल्या वळणावर उडून जायची. भोकात जाऊन अशी बसणारी, वाळून दगड होणारी विभूती आमच्या घरात एकच जण कालवत होतं. ओसरीवर भाऊ बसलेला. पट्टा त्याच्या नजरेतून सुटला नसता, म्हणून पोरीच्या कपाळाला हात लावायची सोय नव्हती. नंदीच्या कपाळापर्यंत जायचीही नव्हती, ते ओसरीकडं. पण नंदीचं ते पाठीमागचं तोंड गोठ्याकडं होतं, आणि धार काढायला जाणाऱ्या बाईला कोण विचारतं? हातात ताजं दूध होतंच.

अव्वा, अगं काय केलंस हे!

मी तिथंच ताईला फोन लावला. तिला आता कमी ऐकू येतं, ओरडून सांगावं लागलं. शिवा, त्याची बायको, शेजारची माणसं, सगळे बघत होते. बघू देत. मी सगळं सांगितलं. भोक, हवा, ती पांढरी विभूती, गोठा, दूध.

"ताई, ऐकायलीस ना?"

"ऐकायलेय." ती हसली. "मंजी आशीर्वाद बी दिला आन गाडी बी आडवली. आपली अव्वाच ती!" आणि मग ते हसणं कुठं संपलं आणि रडणं कुठं सुरू झालं ते मला कळलं नाही. मीही रडतच होते. शेवटी ती म्हणाली, "सगळं टोकरलंस का?"

"न्हाई. जरासं."

"मग हात लावू नको आता. तसंच घेऊन ये हिकडं."

दुसऱ्या आठवड्यात मी औरंगाबादला गेले. ताईनं चष्मा लावला, झाकण मांडीवर घेतलं आणि टाचणीनं ती स्वतःच भोक टोकरत बसली. मला करू देईना. तळहातावर चिमूटभरही नाही एवढी पांढरी पूड पडली. सुनेला हाक मारून तिनं बोटभर दूध मागवलं. पूड कालवली आणि डोळे मिटून, तीन बोटांनी कपाळावर ओढली. दिसण्यासारखं काही उमटलं नाही. सून माझ्याकडं बघायला लागली.

आम्ही खिडकीपाशी बसून राहिलो. खाली रस्त्यावर गाड्या जात होत्या. बराच वेळ गेला. मग ताईनं कपाळाला हळूच आठी घालून बघितली आणि माझा हात धरला.

"ओढायलंय गं," ती म्हणाली.